पुस्तकाचं मुखपृष्ठ विकिपीडियावर कसं लावावं: सीमाभागातल्या लेखकांसाठी

उचगाव, कडोली, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, मांडवाबाहेर पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि त्यातली कितीतरी पुस्तकं बेळगाव जिल्ह्याची हद्द कधी ओलांडत नाहीत. खानापूरच्या कवीचा संग्रह पुण्याच्या दुकानात मिळत नाही. अशा पुस्तकावर विकिपीडियात लेख असावा असं कुणाला वाटलं, तर ते चांगलंच आहे. लेख लिहून होतो. मग मोबाइलवर मुखपृष्ठाचा फोटो निघतो, विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामाईक चित्रसाठ्यावर, 'हे माझं स्वतःचं काम आहे' या पर्यायावर टिचकी पडते, चित्र लेखात झळकतं आणि आठवडाभरात उडतं. लिहिणाऱ्याला वाटतं, आपल्या पुस्तकाशी कुणीतरी वाकडं वागलं. तसं काही नसतं. नियम सगळ्यांना तोच आहे, फक्त तो कुणी नीट सांगितलेला नसतो.

फोटो तुमचा, चित्र दुसऱ्याचं

मुखपृष्ठाचा सपाट फोटो किंवा स्कॅन म्हणजे नक्कल. कॅमेरा तुमचा असला तरी मुखपृष्ठावरचं चित्र, फोटो, सुलेखन ज्याचं, प्रताधिकार (कॉपीराइट) त्याचाच राहतो. पुस्तक विकत घेतलं म्हणून कागद तुमचा झाला, चित्र नाही. त्यामुळे 'स्वतःचं काम' हा पर्याय इथे कधीच लागू होत नाही, अपवाद एकच: मुखपृष्ठ खरोखर तुम्ही काढलेलं असेल आणि त्याचे हक्क तुमच्याकडे असतील.

शिवाय पुस्तकाचा मजकूर आणि मुखपृष्ठ यांचे हक्क वेगवेगळे चालतात. बेळगावच्या इंदिरा संत २००० साली गेल्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे त्यांची कविता २०६० अखेरपर्यंत प्रताधिकारात आहे. पण त्यांच्या एखाद्या संग्रहाचं मुखपृष्ठ ज्या चित्रकाराने काढलं, त्याच्या चित्राची मुदत त्या चित्रकाराच्या मृत्यूवरून मोजायची, कवयित्रीच्या नव्हे. मराठी मुखपृष्ठांचे बादशहा दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांनी रंगवलेली मुखपृष्ठं २०३१ अखेरपर्यंत बंद आहेत, मग आतला लेखक कितीही जुना असो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. म्हणून त्यांच्या कुठल्याही आवृत्तीचं मुखपृष्ठ उचलून कॉमन्सवर टाकणारे बरेच भेटतात. मागच्या वर्षी छापलेल्या आवृत्तीवरचं चित्र मागच्या वर्षीच्याच चित्रकाराचं असतं, एवढं ध्यानात घ्यावं.

तेव्हा पहिली पायरी: पुस्तक उघडा आणि श्रेयपान वाचा. 'मुखपृष्ठ:' पुढे कुणाचं नाव आहे, © च्या खुणेपुढे कुणाचं आहे, आवृत्ती कितवी, साल कुठलं. या पानाचा एक फोटो काढून ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर तोच उपयोगी पडतो.

फेअर यूज म्हणजे नेमकं काय

विकिपीडियाचा कारभार अमेरिकेतल्या संस्थेकडे आहे, म्हणून तिथल्या कायद्यातली 'फेअर यूज' ही सवलत वापरली जाते. त्या कायद्याचं कलम १०७ चार गोष्टी बघायला सांगतं: वापर कशासाठी आहे, मूळ कृती कशा स्वरूपाची आहे, तिचा किती भाग घेतला, आणि मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम होईल. यादी मोकळी आहे, न्यायालय तारतम्य बघतं.

आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ आहे. तिथे 'फेअर डीलिंग' म्हणतात आणि हेतूच ठरवून दिलेले आहेत: खासगी वापर व संशोधन, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. विश्वकोशातला लेख यात सरळ नावाने नाही. बेळगावच्या टिळकवाडीत बसून अपलोड करणाऱ्याला भारतीय कायदाही लागू आहेच. त्यामुळे माझं मत असं की मुखपृष्ठ लावायचं तर लेखात पुस्तकाची चर्चा, त्यावरची परीक्षणं, त्याचं स्वागत किंवा टीका असावीच. माहितीचौकट (लेखाच्या कडेचा थोडक्यात तपशिलांचा चौकोन) आणि दोन ओळी, एवढ्यावर चित्र टांगलं तर 'परीक्षणासाठी वापरलं' हा आधारच उरत नाही. लेख भरीव असेल तर दोन्ही देशांच्या कायद्यांत पाय टेकायला जागा मिळते.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. प्रताधिकाराला मात्र त्याचं काही देणंघेणं नाही. कायदा केंद्राचा, पुस्तक बेळगावात छापलेलं असो की कोल्हापुरात.

कुठल्या विकिपीडियावर लावणार, हे आधी ठरवा

विकिमीडिया फाउंडेशनने २३ मार्च २००७ रोजी ठराव करून सांगितलं की प्रकल्पांवर मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येईल अशी, सामग्रीच असावी. एखाद्या भाषेच्या प्रकल्पाला अमुक्त चित्रं मोजक्या प्रमाणात हवी असतील, तर त्या समुदायाने स्वतःचं अपवाद धोरण लिहून जाहीर करावं. कॉमन्सला असं धोरण करायची मुभाच नाही. तिथे फेअर यूजचं एकही चित्र चालत नाही, कितीही लहान केलं तरी.

याचा व्यवहारातला अर्थ असा. इंग्रजी विकिपीडियावर तपशीलवार अपवाद धोरण आहे, म्हणून तिथे मुखपृष्ठ थेट त्याच विकिपीडियावर चढवता येतं. पण ते चित्र मराठी किंवा कन्नड लेखात आपोआप दिसत नाही. प्रत्येक भाषेत वेगळी संचिका (फाइल), वेगळं समर्थन, म्हणजे चित्र का वापरलं याचा लेखी खुलासा, आणि तिथल्या धोरणाची परवानगी हवी. ज्या विकिपीडियावर लिहिताय तिथलं संचिका चढवण्याचं पान आणि धोरणाचं पान आधी वाचा. अपवाद धोरण नसेल, तर तिथे चढवायचंच नाही. चावडीवर, म्हणजे तिथल्या सामाईक चर्चेच्या पानावर, विचारलं तर जाणकार सांगतात.

सीमाभागातल्या माणसाला हा मुद्दा जास्त बोचतो, कारण आपल्याला लेख दोन्हीकडे हवा असतो. मराठीत लिहिलेल्या पुस्तकाचा कन्नड वाचकही असतो, घरातच असतो. एकदा मुक्त परवान्याने कॉमन्सवर गेलेलं मुखपृष्ठ मराठी, कन्नड, इंग्रजी सगळीकडे चालतं. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी मुदत संपली आहे का बघायचं, मग परवानगी मागायची, आणि फेअर यूज शेवटी.

मुदत संपली आहे का

जुन्या पुस्तकांचं गणित दोन देशांत करावं लागतं, कारण कॉमन्सला चित्र भारतात आणि अमेरिकेत दोन्हीकडे मुक्त लागतं. चित्रकाराचं नाव माहीत असेल तर मृत्यूवरून ६० वर्षं. नाव कुठेच छापलेलं नसेल, तर प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. भारतातली मुदत पूर्वी ५० वर्षं होती, ती १९९२ च्या दुरुस्तीने ६० झाली. तोवर जे खुलं झालं होतं ते परत बंद झालं नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९९६ ही तारीख महत्त्वाची: त्या दिवशी जे भारतात प्रताधिकारात होतं, ते तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षं बंद झालं.

उदाहरणाने सांगतो. बेळगावच्या छापखान्यात १९३८ साली निघालेलं, चित्रकाराचं नाव नसलेलं मुखपृष्ठ: ५० वर्षांच्या हिशेबाने १९८९ लाच खुलं झालं, १९९६ ला बंद नव्हतं, म्हणजे अमेरिकेतही खुलं. बिनदिक्कत कॉमन्सवर टाका, मोठ्या आकारात. तसंच मुखपृष्ठ १९६० चं असेल, तर भारतात ते २०२१ पासून खुलं आहे, पण १९९६ ला बंद होतं, म्हणून अमेरिकेत २०५५ अखेरपर्यंत बंद. ते कॉमन्सवर नाही, फेअर यूजनेच जाणार.

जुनं पुस्तक वाचनालयातून आणलं तर आणखी एक अडचण. वाचनालयं वापरून फाटलेल्या पुस्तकांना पुठ्ठ्याची बांधणी करतात, पाठीवर कापडाची पट्टी लावतात, आणि मूळ मुखपृष्ठ तिथेच संपतं. राहिलं तर त्यावर शिक्का, दाखल क्रमांक, कधी बॉलपेनने लिहिलेलं नाव. शिक्का खोडून चित्र 'स्वच्छ' करायच्या फंदात पडू नका. खोडताना रंग बदलतात, आणि लेखकाच्या विशेष हक्कांच्या कलम ५७ खाली चित्रकाराला आपली कृती विद्रूप केल्याची तक्रार करता येते. कडेची पट्टी कापा, एवढंच. लेखकाच्या घरी किंवा जुन्या वाचकाकडे चांगली प्रत मिळते का, ते विचारावं.

फक्त अक्षरांचं मुखपृष्ठ, म्हणजे साध्या टायपात नाव आणि लेखक, एका रंगाची पार्श्वभूमी, यात प्रताधिकार घेण्याजोगी निर्मिती नसते असं अमेरिकेत मानतात. भारतात ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या २००७ च्या निकालाने थोडी तरी सर्जनशीलता लागते असं सांगितलं. पण हाताने काढलेलं देवनागरी सुलेखन म्हणजे साधा टाइप नव्हे. शंका असेल तर अमुक्तच धरा.

परवानगी: आपल्याकडे ही वाट जवळची आहे

मुंबईच्या मोठ्या प्रकाशकाकडून उत्तर यायला महिने जातात, येतही नाही. पण सीमाभागातली पुस्तकं बहुधा स्वतः लेखकाने किंवा लहान प्रकाशकाने काढलेली असतात, आणि मुखपृष्ठ हायस्कूलच्या चित्रकला शिक्षकाने. तिघंही एका फोनच्या अंतरावर.

मात्र हक्क कुणाचा, हे नीट विचारा. कलम १७ सांगतं की मोबदला देऊन काढून घेतलेलं चित्र किंवा फोटो, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचा. पण 'सरांनी प्रेमाखातर काढून दिलं' असं असेल, तर मालक सरच. आपल्याकडे बहुतेक वेळा तसंच असतं. लेखी करार असेल तर तोही वाचा: हक्क दिल्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षंच धरतात. २०१५ चं पुस्तक, करारात मुदत नाही, तर आज प्रकाशकाच्या हातात हक्क नसण्याची शक्यता मोठी. म्हणून मी प्रकाशक आणि चित्रकार दोघांकडूनही मागायला सांगतो.

बोलताना आडपडदा ठेवू नका. सर हमखास विचारतात, "म्हणजे उद्या कुणी माझं चित्र टी-शर्टवर छापलं तर?" खरं उत्तर एकच: "होय सर, छापू शकेल की. तुमचं नाव द्यावं लागेल, पण पैसे द्यावे लागणार नाहीत." हे लपवून घेतलेली परवानगी पुढे भांडणाला कारण होते. 'फक्त विकिपीडियासाठी', 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' अशी परवानगी कॉमन्सवर चालत नाही. व्यावसायिक वापर आणि बदल करण्याची मुभा दोन्ही हवी.

मसुदा असा चालतो (त्यातला क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे याच अटींचा तयार मुक्त परवाना):

"मी या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा निर्माता आणि प्रताधिकारधारक आहे. सोबत जोडलेली मुखपृष्ठाची प्रतिमा मी क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० आंतरराष्ट्रीय या परवान्याखाली खुली करत आहे. परवान्याच्या अटी पाळून, माझं नाव देऊन, कुणीही ती व्यावसायिक कामासह कोणत्याही कामासाठी वापरू शकतो आणि तिच्यात बदल करू शकतो, हे मला मान्य आहे. ही परवानगी मागे घेता येत नाही, याची मला जाणीव आहे."

पुस्तकाचं नाव, साल, स्वतःचं पूर्ण नाव आणि तारीख घालून हा मजकूर हक्कधारकाने स्वतःच्या ईमेलवरून कॉमन्सच्या परवानगी पथकाला पाठवायचा. तुमच्या ईमेलवरून, 'सरांनी हो म्हटलंय' असं लिहून भागत नाही. व्हॉट्सॲपवरचा अंगठाही नाही. श्रेयपानाचा फोटो जोडावा, म्हणजे पाठवणारा तोच चित्रकार आहे हे तपासता येतं. मराठी मजकुराखाली त्याचंच इंग्रजी रूप द्या. तपासणारा स्वयंसेवक मराठी वाचणारा असेलच असं नाही.

सर नाही म्हणाले तर? फेअर यूजला त्यांची परवानगी लागत नाही, कायद्याने अडत नाही. मी तरी अशा वेळी चित्र लावत नाही. त्याच गावात राहायचंय, पुढच्या संमेलनात समोरासमोर यायचंय.

फेअर यूजने चढवताना

इथे इंग्रजी विकिपीडियाची पद्धत सांगतो, कारण इतरांची धोरणं बरीचशी तिच्यावरून बेतलेली आहेत.

लेख आधी, चित्र नंतर. अमुक्त चित्र फक्त प्रकाशित लेखात चालतं. धूळपाटीवर (सरावाच्या पानावर), मसुद्यात, सदस्य पानावर, चर्चा पानावर चालत नाही. लेख मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रकाशित लेखांच्या विभागात, जायच्या आधी चढवलेलं चित्र कुठल्याच लेखात नसल्यामुळे अनाथ ठरतं आणि ७ दिवसांत वगळलं जातं. लेखच टिकला नाही तर चित्रही जातं, म्हणून पुस्तकाची स्वतंत्र परीक्षणं आधी जमवा. प्रस्तावना आणि मलपृष्ठावरचा मजकूर यांना परीक्षण म्हणत नाहीत. 'तरुण भारत'सारख्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आलं असेल, तर कात्रण तारखेसह ठेवा.

चित्र कुठे लावता याला फार महत्त्व आहे. पुस्तकावरच्या लेखात, माहितीचौकटीत, एक. लेखकावरच्या लेखात त्याच्या सहा पुस्तकांची मुखपृष्ठं ओळीने लावणं चालत नाही. मुखपृष्ठावर लेखकाचा फोटो आहे म्हणून तो त्याच्या चरित्रलेखात वापरणं तर अजिबात नाही. हयात लेखकाचा फोटो कुणीही संमेलनात काढून मुक्त करू शकतो. कन्नड अनुवादाचं मुखपृष्ठ मूळ मराठी पुस्तकाच्या लेखात दुसरं चित्र म्हणून घालायचा मोह होतो. त्या मुखपृष्ठाचीच चर्चा लेखात असेल, म्हणजे अनुवादात चित्र का बदललं यावर कुणी लिहिलं असेल, तरच त्याला आधार आहे. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठही त्या अंकावर लेखात काही लिहिलं असेल तरच. बऱ्याच आवृत्त्या निघाल्या असतील तर पहिल्या आवृत्तीचं घ्यावं.

आकार लहान हवा. मोजमाप साधारण १ लाख पिक्सेलचं आहे. डेमी आकाराचं पुस्तक, साडेपाच बाय साडेआठ इंच, ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर १६५० × २५५० म्हणजे ४२ लाखांवर पिक्सेल होतात. रुंदी २५० केली की उंची ३८६ येते, गुणाकार ९६,५००. एवढ्यात नाव वाचता येतं, चित्र ओळखू येतं, आणि त्यावरून कुणी पोस्टर छापू शकत नाही. हेच अपेक्षित आहे. मोठं चढवलं तर बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, येऊन लहान करतो, पण ते त्याच्यावर सोडू नये. फक्त पुढची बाजू घ्या. पाठ आणि मलपृष्ठ नको. टेबलावर ठेवून तिरका फोटो काढण्यापेक्षा स्कॅनर बरा. खडेबाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन केलं तर एका फाइलला मोजके पैसे लागतात, फक्त त्याला सांगा की रंग 'खुलवू' नको.

अपलोड विझार्डमध्ये 'प्रताधिकारित, अमुक्त, पण फेअर यूज' हा पर्याय, आणि त्याखाली 'कृतीचं अधिकृत मुखपृष्ठ' हा. मग येतं समर्थन. लोक इथे 'माहितीसाठी' एवढं लिहून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. समर्थन कसं असावं याचा नमुना:

"हे अमुक पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ आहे. चित्रकार अमुक, प्रकाशक अमुक; प्रताधिकार यांपैकी ज्याचा असेल त्याचा. स्रोत: माझ्याकडच्या छापील प्रतीवरून स्कॅन. फक्त अमुक लेखात, माहितीचौकटीत, पुस्तकाची ओळख पटवण्यासाठी; लेखात पुस्तकाच्या आशयावर आणि परीक्षणांवर चर्चा आहे. फक्त पुढची बाजू, २५० × ३८६ पिक्सेल. मुखपृष्ठ मूळ निर्मात्याचंच असल्यामुळे मुक्त पर्याय उपलब्ध नाही. या आकारातून छपाईयोग्य प्रत निघत नाही, त्यामुळे पुस्तकाच्या किंवा चित्राच्या विक्रीला बाधा येत नाही."

यातल्या लेखाचं नाव लेखाच्या शीर्षकाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. लेखाचं शीर्षक नंतर बदललं, तर समर्थनातही बदला. दुसऱ्या लेखात तेच चित्र लावायचं तर दुसरं समर्थन लागतं. इंग्रजी विकिपीडियावर पुस्तक मुखपृष्ठाचा परवाना-साचा आणि समर्थनाचा साचा असे दोन वेगळे आहेत (साचा म्हणजे पानावर लावायचा तयार मजकूर). एक लावून दुसरा विसरणं ही चित्र उडण्याची नेहमीची तऱ्हा आहे. चित्रकाराचं नाव माहितीचौकटीतही भरा, त्यासाठी रकाना असतो.

सूचना आली तर

चर्चा पानावर वगळण्याची सूचना आली की रागावून चित्र पुन्हा चढवू नका. सूचनेत कारण लिहिलेलं असतं: समर्थन नाही, स्रोत नाही, आकार मोठा, लेखात वापर नाही. बहुतेक कारणं दहा मिनिटांत दुरुस्त होतात, आणि मुदत दिलेली असते. वाद असेल तर 'हे सीमाभागातलं दुर्मिळ पुस्तक आहे' या युक्तिवादाचा उपयोग नसतो. दुर्मिळ असण्याने प्रताधिकार संपत नाही.

वगळलं गेलंच आणि नंतर चित्रकाराची परवानगी मिळाली, तर कॉमन्सवर मोठ्या आकारातली प्रत नव्याने चढवा आणि परवानगी ईमेलने पाठवली आहे असा साचा लावा. इंग्रजीवरची लहान अमुक्त प्रत अजून असेल, तर तिथे मुक्त प्रत उपलब्ध झाल्याची नोंद करून ती वगळायला सांगा, आणि मराठी व कन्नड लेखांच्या माहितीचौकटींत कॉमन्सवरच्या संचिकेचं नाव भरा.